ठाणे आंधळे, पाळत मात्र डोळस!

भंडारा जिल्ह्यातील मोहाडी तालुक्यात आंधळगाव नावाचे गाव आहे. हातमागावर राबणाऱ्या विणकरांचे हे गाव. गावाच्या नावावरून गावकऱ्यांची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. पण आंबेडकरी समाजाच्या मनात हे नाव वेगळ्याच कारणाने कोरले गेले आहे. खैरलांजी याच आंधळगाव पोलीस ठाण्याच्या हद्दीत येते. २९ सप्टेंबर २००६ च्या संध्याकाळी भैयालाल भोतमांगे यांची पत्नी सुरेखा, मुलगी प्रियंका, मुले सुधीर आणि रोशन यांची गावाच्या जमावाने निर्घृण हत्या केली, तेव्हा कायद्याचे जे सर्वांत जवळचे दार होते ते या ठाण्याचे होते.

ठाण्याला त्या रात्री खबर पोहोचली होती, पण वेळेत कोणी धावून गेले नाही, असे सत्यशोधनासाठी गेलेल्या समित्यांनी नोंदवून ठेवले आहे. नंतर काही पोलिसांना निलंबित करावे लागले. या हत्याकांडाच्या मुळाशी असलेली एक गोष्ट मात्र पुरेशी बोलली जात नाही. त्या महिन्याच्या सुरुवातीला नात्यातल्या माणसाला झालेल्या मारहाणीत सुरेखा आणि प्रियंका साक्षीदार होत्या. त्यांनी आरोपींची नावे सांगितली. आरोपींना अटक झाली, जामीन झाला आणि जामिनावर सुटलेली माणसे त्याच दिवशी साक्षीदारांच्या घरावर चालून आली. कोणी साक्ष दिली हे आरोपींना माहीत होते, साऱ्या गावाला माहीत होते. ज्यांना झाकायला हवे होते त्यांना कोणी झाकले नाही आणि ज्यांच्यावर नजर ठेवायला हवी होती त्यांच्यावर कोणी नजर ठेवली नाही.

आता याच शासनाची दुसरी बाजू पाहा. खैरलांजीची बातमी आठवडेच्या आठवडे दडून राहिली. ती बाहेर काढली ती चळवळीतल्या पोरांनी. नोव्हेंबर २००६ मध्ये नागपूर, अमरावतीपासून महाराष्ट्रभर समाज रस्त्यावर उतरला. अमरावतीत पोलीस गोळीबारात एक तरुण गेला. तेव्हा राज्याचे गृहमंत्री असलेले आर. आर. पाटील यांनी या आंदोलनामागे नक्षलवाद्यांचा हात असल्याची शंका जाहीरपणे बोलून दाखवली. चार मुडदे पडेपर्यंत ज्या यंत्रणेला काही दिसत नव्हते, तिला मोर्चात घोषणा देणाऱ्यांच्या मनातला नक्षलवाद मात्र लांबून दिसला! जुलमापुढे आंधळी आणि जुलमाविरुद्ध बोलणाऱ्यापुढे डोळस, अशी ही नजर आहे. पाळतीच्या अधिकाराबद्दल काहीही विचार करायचा असेल तर आपण सुरुवात इथून केली पाहिजे.

हे सारे आज सांगण्याचे कारण सातासमुद्रापलीकडच्या एका कायद्यात आहे. अमेरिकेत परदेशी गुप्तवार्तेसाठी पाळत ठेवण्याचा एक कायदा आहे. त्याचे कलम ७०२ हे २००८ साली घालण्यात आले आणि ठरावीक मुदत संपली की ते पुन्हा वाढवावे लागते. २०१२ साली वाढवले, २०१८ साली वाढवले आणि एप्रिल २०२४ मध्ये पुन्हा दोन वर्षांची मुदत देण्यात आली. या कलमान्वये अमेरिकेबाहेर असलेल्या, अमेरिकन नसलेल्या माणसाचे ई-मेल, संदेश आणि फोन तिथल्या कंपन्यांकडून मिळवता येतात. प्रत्येक माणसासाठी न्यायाधीशाचे वेगळे वॉरंट लागत नाही. न्यायालय वर्षातून एकदा ढोबळ कार्यपद्धतीला मान्यता देते, बाकी सारे यंत्रणेच्या हाती.

तिथल्या संसदेत यावर जोरदार भांडण झाले. भांडण कशावर? तर परदेशी माणसाचे संदेश गोळा करताना त्याच्याशी बोलणाऱ्या अमेरिकनांचे संदेशही गोळा होतात. ते उघडून पाहण्यापूर्वी वॉरंट घ्यायचे की नाही, यावर. एप्रिल २०२४ मध्ये प्रतिनिधिगृहात वॉरंटची दुरुस्ती मतदानाला आली. बाजूने २१२, विरोधात २१२. समसमान मते पडली म्हणून दुरुस्ती पडली. एका मताने एका देशाच्या नागरिकांचे खासगीपण हुकले.

पण त्या साऱ्या वादात एक माणूस कुठेच नव्हता. तो माणूस म्हणजे आपण. त्या कायद्यातला परका कोण? ज्याचे जीमेलवर खाते आहे, जो फेसबुकवर लिहितो, जो व्हॉट्सॲपवर बुद्धविहाराच्या बैठकीचा निरोप पाठवतो, तो मोहाडीचा किंवा तुमसरचा कार्यकर्ता अमेरिकेच्या कायद्याने परका आहे. म्हणून त्या प्रत्येकावर पाळत असते असे नव्हे. पण ठेवायची ठरवली तर त्याला तिथल्या राज्यघटनेचे संरक्षण नाही. एडवर्ड स्नोडेन याने जून २०१३ मध्ये कागद बाहेर काढले, तेव्हा त्या वर्षीच्या मार्च या एकाच महिन्यात अमेरिकी यंत्रणेने भारतातून ६.३ अब्ज नोंदी गोळा केल्याचे उघड झाले. सर्वांत जास्त नोंदी ज्या देशांतून घेतल्या त्यांत भारत पाचवा होता.

अमेरिकेच्या या कायद्याची जन्मकथा आपल्या लोकांनी मुद्दाम वाचावी अशी आहे. काळ्या जनतेचे नेते मार्टिन ल्यूथर किंग यांचे फोन १९६३ पासून तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणेने ऐकले. कारण काय सांगितले? तर किंग यांच्या आसपास कम्युनिस्ट आहेत. परकी शक्ती देशात घुसते आहे, असा बहाणा होता. प्रत्यक्षात ऐकले जात होते ते समान नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या माणसाचे खासगी आयुष्य आणि त्याचा वापर त्याला मोडण्यासाठी झाला. १९७५ च्या संसदीय चौकशीत हे सारे बाहेर आले. म्हणून १९७८ साली या पाळतीला वेसण घालणारा कायदा झाला. वेसण घालण्यासाठी जन्मलेल्या त्याच कायद्यात ३० वर्षांनी कलम ७०२ चे मोठे भगदाड पाडले गेले. आणि मे २०२३ मध्ये तिथल्या न्यायालयाचा जो निकाल खुला झाला त्यात काय निघाले? या साठ्यात तपास यंत्रणेने २ लाख ७८ हजारांहून अधिक वेळा नियमबाह्य शोध घेतला होता. शोधलेल्यांत २०२० साली जॉर्ज फ्लॉईडच्या हत्येनंतर रस्त्यावर उतरून अटक झालेले आंदोलकही होते. १९६३ साली किंग, २०२० साली त्यांची नातवंडे शोभावीत अशी पोरे. बहाणा परदेशी, सावज घरचे!

हाच धडा आपल्याला कामाचा आहे. पाळतीचा अधिकार मागताना शासन नेहमी लांबच्या शत्रूकडे बोट दाखवते. अतिरेकी, परकी सत्ता, राष्ट्राची सुरक्षा. हे शत्रू खोटे असतात असे आम्ही म्हणत नाही. मुंबईने २६ नोव्हेंबर २००८ पाहिला आहे. पण अधिकार एकदा हाती आला की त्याचे तोंड उतरणीकडे वळते आणि इथल्या समाजरचनेत उताराच्या तळाशी कोण आहे हे सांगायला नको.

आपल्या देशात काय आहे ते पाहू. फोन ऐकण्याचा अधिकार इंग्रजांनी १८८५ च्या तार कायद्याने घेतला. स्वातंत्र्यानंतर तो आपल्या सरकारने तसाच वापरला. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेच्या याचिकेवर काही बंधने घातली, पण न्यायाधीशाची परवानगी घ्या असे सांगितले नाही. आता तार कायद्याच्या जागी दूरसंचार कायदा २०२३ आला. त्याखालील फोन ऐकण्याचे नियम डिसेंबर २०२४ मध्ये निघाले. आदेश कोण देणार? गृहसचिव. आदेश बरोबर आहे की नाही हे कोण तपासणार? केंद्रात मंत्रिमंडळ सचिवांची समिती, राज्यात मुख्य सचिवांची समिती. म्हणजे एका अधिकाऱ्याने सही करायची आणि दुसऱ्या अधिकाऱ्यांनी ती तपासायची. न्यायाधीश कुठेच नाही. तातडीच्या वेळी पोलीस महानिरीक्षक दर्जाचा अधिकारीही आदेश देऊ शकतो, मागाहून सात कामकाजाच्या दिवसांत मंजुरी घ्यायची. आदेश ६० दिवसांचा, वाढवत १८० दिवसांपर्यंत. ज्याचा फोन ऐकला त्याला कधीही कळवण्याची तरतूद नाही. ज्याला कळतच नाही तो दाद कोणाकडे मागणार?

ही समिती तपासते तरी किती? न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात लिहून ठेवले आहे की, दोन महिन्यांतून एकदा बसणाऱ्या या समितीपुढे प्रत्येक बैठकीत १५ ते १८ हजार आदेश असतात. एका बैठकीत १५ हजार आदेश कोण वाचणार? याला तपासणी म्हणायचे की शिक्का मारणे?

भंडाऱ्याच्या वाचकांना दूरचे उदाहरण द्यायला नको. नाना पटोले २०१४ ते २०१७ या काळात भंडारा-गोंदियाचे खासदार होते आणि तेही सत्ताधारी पक्षाचे. त्या काळात आपला फोन 'अमजद खान' या नावाने अमली पदार्थांच्या तस्कराचा नंबर म्हणून ऐकला गेला, असा आरोप त्यांनी जुलै २०२१ मध्ये विधानसभेत केला. फेब्रुवारी २०२२ मध्ये पुण्यात गुन्हा दाखल झाला, सप्टेंबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्द केला. त्यामुळे कोणी दोषी ठरले नाही आणि आम्हीही कोणाला दोषी म्हणत नाही. पण दोन प्रश्न उरतातच. सत्ताधारी पक्षाच्या खासदाराची ही कथा असेल तर समता सैनिक दलाच्या पोराची काय असेल? आणि कोणाचा फोन बिनबोभाट ऐकायचा असेल तर कागदावर मुसलमान नाव पुरेसे ठरते, असा समज या व्यवस्थेत कुठून आला?

फोन ऐकण्याच्याही पुढची पायरी म्हणजे फोनमध्येच शिरणे. इस्रायलच्या एनएसओ कंपनीचे पेगासस हे असे हत्यार आहे. कंपनी म्हणते, आम्ही ते फक्त सरकारांना विकतो. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने ज्यांना तुमच्या फोनवर हल्ला झाला असे कळवले, त्यांत नागपूरचे वकील निहालसिंग राठोड होते आणि डॉ. आनंद तेलतुंबडे होते. तेलतुंबडे म्हणजे खैरलांजीवर पुस्तक लिहून जगापुढे तो प्रश्न मांडणारे लेखक. त्यांना १४ एप्रिल २०२० रोजी, ऐन भीमजयंतीला, कोठडीत जावे लागले आणि उच्च न्यायालयाने जामीन दिल्यावर ते २६ नोव्हेंबर २०२२ रोजी, संविधान दिनी, बाहेर आले. भीमा-कोरेगाव प्रकरणातील दुसरे आरोपी, नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग. त्यांच्या आणि रोना विल्सन यांच्या संगणकात बाहेरून शिरून फायली पेरल्या गेल्या, असा अहवाल अमेरिकेतील आर्सेनल या तज्ज्ञ कंपनीने २०२१ साली दिला. तपास यंत्रणेला तो मान्य नाही आणि त्याचा निवाडा न्यायालय करील. पण पाळत ही नुसती पाहण्यापुरती नसते, पाहणाऱ्याचा हात आत पोहोचला की तो काही ठेवूनही जाऊ शकतो, ही धास्ती त्या अहवालाने प्रत्येक कार्यकर्त्याच्या घरात नेली.

पेगाससच्या चौकशीचे पुढे काय झाले? सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन यांच्या देखरेखीखाली समिती नेमली. तपासलेल्या २९ फोनपैकी पाचांत घातक प्रणाली सापडली. ती पेगाससच होती हे सिद्ध झाले नाही. सरकारने समितीला सहकार्य केले नाही, हे सरन्यायाधीशांनी ऑगस्ट २०२२ मध्ये भर न्यायालयात सांगितले. सरकारने विकत घेतले की नाही, या साध्या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' असे उत्तर देशाला मिळाले नाही. तिकडे अमेरिकेच्या न्यायालयाने मात्र व्हॉट्सॲपच्या दाव्यात डिसेंबर २०२४ मध्ये एनएसओला जबाबदार धरले. फोन इथल्या लोकांचे, निकाल तिथल्या कंपनीच्या बाजूने आणि इथला नागरिक दोन्हीकडे बाहेर उभा!

यावर आपल्यातलेच काही जण म्हणतात, "लपवण्यासारखे काही नाही, मग भ्यायचे कशाला? खासगीपण वगैरे चोचले बंगल्यातल्या लोकांचे. झोपडीत राहणाऱ्याला कसले आले खासगीपण?" हा विचार घातक आहे. बंगल्यातल्या माणसाला भिंत आहे, कंपाउंड आहे, वकील आहे. २०१९ साली मुंबईच्या एका उद्योजकाचे फोन ऐकण्याचे आदेश उच्च न्यायालयाने बेकायदा ठरवून रद्द केले आणि रेकॉर्डिंग नष्ट करायला सांगितले. तो निकाल चांगलाच आहे. पण तिथवर पोहोचण्याची ऐपत किती जणांची?

खासगीपणाची खरी गरज दुबळ्याला असते. साक्ष देणाऱ्या बाईला असते, हे खैरलांजीने रक्ताने लिहिले आहे. म्हणूनच अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५-अ मध्ये साक्षीदाराचे नाव-पत्ता गुप्त ठेवण्याची तरतूद आली. आंतरजातीय लग्न करणाऱ्या पोरापोरीला ती गरज असते. विशेष विवाह कायद्यात ३० दिवस नोटीस लागते आणि त्या ३० दिवसांत काय काय घडते ते आपल्याला ठाऊक आहे. चळवळीला पगारातून पैसे देणाऱ्या जिल्हा परिषदेच्या कारकुनाला ती गरज असते. नोकरदारांनी गुपचूप पैसा, बुद्धी आणि वेळ दिला नसता तर बामसेफ उभी राहिली असती काय? शहरात आडनाव न सांगता भाड्याची खोली शोधणाऱ्या विद्यार्थ्याला विचारा खासगीपण म्हणजे काय!

आणि पाळत आपल्याला नवी नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने आपल्या भटक्या बांधवांना जन्मतःच पोलिसांच्या वहीत डांबले. कायदा १९५२ साली गेला, वही गेली नाही. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले की, मागास समाजातल्या निरपराध माणसांची नावे पोलीस ठाण्याच्या हिस्ट्री शीटमध्ये यांत्रिकपणे चढवली जात असल्याचे अहवाल आहेत. उद्या ही वही संगणकात गेली, तिला चेहरा ओळखणारे कॅमेरे जोडले, फोनच्या नोंदी जोडल्या, की जुनी जात नव्या यंत्रात बसली. यंत्राला जात नसते असे म्हणतात. पण त्याला भरवणाऱ्या हाताला असते ना?

या प्रश्नावर बाबासाहेब कुठे उभे होते? त्यांच्या सभांना इंग्रजांचे गुप्त पोलीस हजर असत. ते अहवाल महाराष्ट्र शासनाच्या साधन प्रकाशन समितीने पुढे छापले आहेत. पाळत म्हणजे काय हे त्यांनी अनुभवले होते. मार्च १९४७ मध्ये शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनतर्फे त्यांनी 'राज्ये आणि अल्पसंख्याक' हे निवेदन संविधान सभेसाठी तयार केले. त्यातील मूलभूत हक्कांत माणसाचे शरीर, घर, कागदपत्रे आणि चीजवस्तू यांची अवाजवी झडती व जप्ती होऊ नये हा हक्क त्यांनी घातला होता. पुढे ३ डिसेंबर १९४८ रोजी मध्यप्रांत-वऱ्हाडचे सदस्य काझी सय्यद करीमुद्दीन यांनी संविधान सभेत अशीच दुरुस्ती मांडली. बाबासाहेबांनी ती स्वीकारण्याची तयारी दाखवली. फौजदारी संहितेत ही तरतूद आहेच, पण ती विधिमंडळाच्या हाताबाहेर ठेवणे बरे, असा त्यांचा आशय होता. सभागृहाने मात्र नंतर ती फेटाळली. विदर्भाच्या मातीतल्या माणसाने मागितलेला आणि बाबासाहेबांनी मानलेला हक्क मिळायला २४ ऑगस्ट २०१७ उजाडावा लागला. त्या दिवशी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपण हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले.

हक्क कागदावर आला आणि पळवाटही मागोमाग आली. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात केंद्र सरकार आपल्या कोणत्याही यंत्रणेला अधिसूचना काढून मोकळीक देऊ शकते. त्याच कायद्याने माहिती अधिकारातील कलम ८ मध्ये केलेली दुरुस्ती नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाली आणि वैयक्तिक माहितीच्या नावाखाली अर्ज नाकारणे सोपे झाले. म्हणजे नागरिकाचे सारे शासनाला दिसावे आणि शासनाचे काही नागरिकाला दिसू नये! त्यात महाराष्ट्र विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. कडव्या डाव्या संघटनांसाठी ते आहे असे सांगण्यात आले. पण २००६ साली खैरलांजीच्या मोर्च्यांनाही असेच नाव चिकटवले गेले होते, हे आपण विसरलो काय?

आपली मागणी शासनाने डोळे काढून टाकावेत अशी नाही. डोळे हवेतच. पण ते कोणावर रोखायचे हे सही करणाऱ्या एकट्या अधिकाऱ्यावर सोडता येणार नाही. फोन ऐकण्याच्या प्रत्येक आदेशाला न्यायाधीशाची परवानगी हवी. तपास संपला की ज्याचा फोन ऐकला त्याला कळवले पाहिजे. दरवर्षी किती आदेश निघाले, किती नाकारले, याचा आकडा संसदेत आणि विधिमंडळात ठेवला पाहिजे. फोनमध्ये शिरणारी हत्यारे सरकारने घेतली की नाही, हे लोकप्रतिनिधींच्या समितीपुढे तरी सांगितले पाहिजे. आणि कलम १५-अ ची अंमलबजावणी प्रत्येक ठाण्यात झाली पाहिजे. आपल्या आमदार-खासदारांनी यातला एक तरी प्रश्न सभागृहात विचारला आहे काय, हे त्यांना जयंतीच्या व्यासपीठावरच विचारा.

चळवळीनेही आपले घर पाहावे. अत्याचारातील फिर्यादीचे नाव, फोटो, मोबाईल नंबर आपलेच कार्यकर्ते शंभर ग्रुपवर फिरवतात. हेतू चांगला असतो, पण गावात राहायचे त्या बाईला असते. तिच्या संमतीशिवाय एक अक्षर पुढे पाठवू नये, एवढा नियम प्रत्येक विहारात आजपासून करता येईल. त्याला ना दिल्लीची परवानगी लागते ना वॉशिंग्टनची.

भैयालाल भोतमांगे २० जानेवारी २०१७ रोजी गेले. आपल्या माणसांना जातीसाठी मारले हे न्यायालयात सिद्ध झालेले ते पाहू शकले नाहीत. अत्याचार प्रतिबंधक कायदा त्या खटल्यात लागलाच नाही. त्यांच्या दाराशी त्या संध्याकाळी कायद्याची एक जोडी डोळे असते तर चार जीव वाचले असते. ते डोळे तिथे नव्हते आणि महिन्याभरात ते मोर्च्यावर रोखलेले होते. पाळतीचा अधिकार आणखी वाढवून मागणाऱ्या कोणत्याही सरकारला आपण आधी एवढेच विचारायचे आहे : त्या संध्याकाळी तुम्ही कुठे पाहत होता?